‘इन्स्टॉलेशन यशस्वी’ : एका स्क्रिप्टच्या लेखकाला खुले पत्र

प्रति,
एसडीकेची इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहिणारे महाशय,

तुमची स्क्रिप्ट खोटं बोलते. पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडतो आहे, कारण तुमची स्क्रिप्ट ज्यांच्या पीसीवर चालते त्यांची खुशाली तुम्ही कधीच विचारलेली नाही.

नेमकं काय होतं ते क्रमाने सांगतो, म्हणजे ‘गैरसमज झाला असेल’ ही पळवाट उरणार नाही. स्क्रिप्ट सुरू होते आणि सव्वा जीबीची झिप फाइल उतरवायला घेते. मध्येच नेट तुटतं, फाइल अर्धवट राहते. स्क्रिप्टला त्याचं काहीच वाटत नाही. ती पुढच्या ओळीवर जाऊन तीच अर्धवट झिप उघडायला बघते. झिप उघडत नाही, एरर येते. त्यापुढची ओळ तयारच न झालेलं फोल्डर हलवू पाहते, तेही फसतं. मग ती शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पाथची एक ओळ घुसवते, रिकाम्या जागेकडे बोट दाखवणारी. आणि सगळ्यात शेवटी हिरव्या अक्षरांत वापरणाऱ्याचं अभिनंदन करून इन्स्टॉलेशन यशस्वी झाल्याचं जाहीर करते. त्या हिरव्या ओळीच्या आधी एकही अट तुम्ही लिहिलेली नाही. काहीही झालं, काहीही मोडलं, तरी ती छापली जाणारच, अशी व्यवस्था तुम्ही स्वतःच्या हाताने केली आहे.

मी नवीन पनवेलमध्ये मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनीतून मुलं येतात, तशी पेण आणि रसायनीकडूनही एसटी आणि शेअर रिक्षा बदलत येतात. कुणी डिप्लोमा करतं, कुणी बीएस्सी आयटी, कुणी दिवसा तळोजा एमआयडीसीत काम करून संध्याकाळी वर्गात बसतं. पहिल्याच आठवड्यात त्यांची गाठ तुमच्या स्क्रिप्टशी पडते. हिरवं अभिनंदन वाचून मूल खूश होतं, पुढची कमांड टाइप करतं आणि उत्तर येतं की अशी कमांडच सापडत नाही. पुन्हा टाइप करतं, स्पेलिंग तपासतं, शेजाऱ्याच्या स्क्रीनवर बघतं. मग मान खाली घालून म्हणतं, ‘सर, मला हे जमत नाही.’

माझा सगळा राग या वाक्यावर आहे. चूक तुमची असते आणि ते मूल ती स्वतःच्या नावावर घेतं. अनुभवी माणूस एरर वाचून ‘स्क्रिप्ट भिकार आहे’ म्हणतो आणि हाताने दुरुस्ती करून पुढे जातो. ज्याने टर्मिनलची खिडकी आयुष्यात पहिल्यांदा उघडली आहे, ज्याच्या घरात याआधी कुणी कॉम्प्युटर वापरलेला नाही, त्याला स्क्रिप्ट चुकू शकते हेच ठाऊक नसतं. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रोग्रॅम ‘यशस्वी’ म्हणतो आहे, म्हणजे आपणच कुठेतरी चुकलो, असं ते धरून चालतं. काही मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्यांना भाषा अवघड गेली नाही, लॉजिक अवघड गेलं नाही. तिथपर्यंत तुम्ही त्यांना पोचूच दिलं नाहीत.

तुम्ही ज्या मशीनवर ही स्क्रिप्ट लिहिलीत ते मशीन मला न बघताही दिसतं. नवा लॅपटॉप, ऑफिसचं कधीही न तुटणारं नेट, ॲडमिनचे सगळे अधिकार, तीन-चार अक्षरांचं युजरनेम, आणि एसडीकेला लागणारं सगळं काही वर्षांपूर्वीच येऊन बसलेलं. अशा मशीनवर तुमच्या स्क्रिप्टला करण्यासारखं फारसं काम उरलेलंच नसतं. आता आमच्याकडचं बघा. सेकंडहँड पीसी, त्यात जेमतेम उरलेली डिस्क, आणि नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाने सव्वा जीबीची फाइल उतरवायला घेतली, की त्या दिवसाचा बहुतेक सगळा डेटा त्याने तुमच्या हवाली केलेला असतो. डाउनलोड जवळजवळ संपत आलेलं असताना लाईट गेली किंवा फोन आला आणि नेट तुटलं, की पुन्हा चालवल्यावर तुमची स्क्रिप्ट शून्यापासून सुरुवात करते. आधी उतरवलेला भाग ती आपण होऊन पुसून टाकते. त्या मुलाला उद्यापर्यंत थांबावं लागतं, आणि उद्याही हेच होणार नाही याची खात्री कोण देणार?

अर्धवट राहिलेली फाइल तिथूनच पुढे उतरवायची सोय एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत आहे, आणि ती आवृत्ती १९९७ सालची आहे. तुम्ही ज्या कर्लने फाइल आणता, त्याला त्यासाठी एक छोटा पर्याय जोडला की काम होतं. आमच्याच पनवेलमध्ये २०२० साली योट्टा कंपनीचं एनएम-१ हे ७,२०० रॅकच्या क्षमतेचं डेटा सेंटर सुरू झालं. जगाचा डेटा आमच्या अंगणात येऊन राहतो आहे, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला एक फाइल धड उतरवता येऊ नये, याला कारण पनवेलचं नेट नाही. तुम्ही न लिहिलेला तो एक पर्याय आहे.

आता नावांबद्दल. आपल्याकडे माणसाला नाव आणि आडनाव असतं. विंडोजवर लोकल अकाउंट काढताना मुलं सरळ पूर्ण नाव लिहितात, मधे स्पेस देऊन, आणि त्याच नावाचं फोल्डर तयार होतं. काही घरांत तर वडिलांनी मोठ्या हौसेने नाव देवनागरीत लिहिलेलं असतं. तुमच्या स्क्रिप्टला दोन्ही चालत नाही. स्पेस आली की ती नावाचे दोन तुकडे करते आणि आडनावाला वेगळं फोल्डर समजते. देवनागरी आलं की काहीतरी अगम्य चिन्हं छापून थांबते. हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही. अँड्रॉइड स्टुडिओसुद्धा एसडीकेच्या पाथमध्ये स्पेस किंवा इंग्रजीपलीकडची अक्षरं दिसली की हरकत घेतो. पण तो निदान आधी सांगतो. तुम्ही काहीच सांगत नाही, अर्धं काम करून मोकळे होता. मराठी मुलीने स्वतःच्या पीसीवर स्वतःचं नाव मराठीत लिहिलं, याची शिक्षा तिने का भोगावी? पाथभोवती अवतरणचिन्हं घालायचा तेवढा कंटाळा तुम्ही केला नसता, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता.

आणि अवतरणचिन्हांना क्षुल्लक समजू नका. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्स २.० चा मॅकसाठीचा इन्स्टॉलर बाहेर काढला. जुनी आवृत्ती पुसणाऱ्या त्यातल्या शेल स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं नाव अवतरणचिन्हांत नव्हतं. ज्यांच्या ड्राइव्हच्या नावात स्पेस होती, त्यांच्यातल्या काहींच्या डिस्कचे आख्खे भाग पुसले गेले. ॲपलला तो इन्स्टॉलर मागे घेऊन २.०.१ काढावी लागली. २०११ मध्ये बम्बलबी या प्रकल्पाने त्याहून कमी मेहनतीत त्याहून मोठं नुकसान करून दाखवलं. लिनक्सच्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड नीट चालावं म्हणून तयार केलेला तो प्रकल्प. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जुनं फोल्डर पुसायची ओळ होती, आणि त्या पाथमध्ये ‘/यूएसआर’नंतर चुकून एक स्पेस पडली होती. त्या एका स्पेसमुळे कमांडने आत खोलवरच्या एका फोल्डरऐवजी आख्खं ‘/यूएसआर’ पुसायला घेतलं. लिनक्समधले बहुतेक प्रोग्रॅम तिथेच राहतात. दुरुस्ती काय होती? ती स्पेस काढणं.

तिसरं उदाहरण तुमच्या स्क्रिप्टच्या सगळ्यात जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टचा एक दोष उघड झाला. आपण कोणत्या फोल्डरात आहोत हे स्क्रिप्ट आधी शोधायची आणि ते नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची. शोध फसला तर व्हेरिएबल रिकामं राहायचं. पुढे एक ओळ त्या फोल्डरातलं सगळं पुसायची. नाव रिकामं असलं की ‘त्या फोल्डरातलं सगळं’ याचा अर्थ थेट मुळापासूनचं सगळं असा व्हायचा. ज्या वापरकर्त्याने तक्रार केली, त्याच्या जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फायलीही गेल्या होत्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘हे भीतीदायक आहे’ अशा अर्थाची एका शब्दाची टीप टाकून ठेवली होती. म्हणजे त्याला धोका दिसला होता. तरी तो ओळ तशीच सोडून पुढे गेला.

तुमच्या स्क्रिप्टमध्येही जुनी आवृत्ती पुसणारी ओळ आहे. तिच्यातही व्हेरिएबल आहे, तेही रिकामं राहू शकतं, आणि वर त्याच्याभोवती अवतरणचिन्हं नाहीत. तुम्ही तर भीतीची टीपसुद्धा लिहिलेली नाही. आतापर्यंत कुणाची डिस्क गेली नसेल तर ते तुमचं नशीब. त्यात तुमचं काही कर्तृत्व नाही. आणि ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी आमच्याकडच्या एखाद्या घरातले बारशाचे, लग्नाचे फोटो आणि वडिलांच्या दुकानाचा हिशेब जाईल, कारण घरात पीसी एकच असतो आणि बॅकअप कुणी ठेवलेला नसतो.

हे सगळं पकडायला माणूसही लागत नाही. शेलचेक नावाचं फुकट साधन आहे, विदार होलेन यांनी लिहिलेलं. अवतरणचिन्हं राहिली की ते ओळीचा क्रमांक देऊन सांगतं. पुसण्याच्या कमांडमधलं व्हेरिएबल रिकामं असू शकतं, हेही ते वेगळ्या इशाऱ्यात सांगतं आणि दुरुस्ती कशी करायची तेही दाखवतं. मी तुमची स्क्रिप्ट त्यातून काढली. इशाऱ्यांनी स्क्रीन भरून वाहिली. ते साधन तुम्ही एकदाही चालवलेलं नाही, हे त्यावरून समजलं. तुमच्या एसडीकेच्या आतल्या कोडला टेस्ट आहेत, रिव्ह्यू आहे, दोघांच्या सह्यांशिवाय एक ओळ आत जात नाही. मात्र जी फाइल परक्या माणसाच्या मशीनवर त्याच्या अधिकारांनी चालणार आहे, तिला कुणी वाली नाही.

एक पाऊल चुकलं की थांबायचं, ही शिस्त शेलमध्ये नवी नाही. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आला. एखादी कमांड फसली की थांबण्याचा पर्याय आणि न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की एरर देण्याचा पर्याय, हे दोन्ही त्यात होते. मध्येच काही तुटलं तर मागचा पसारा आवरून निघण्यासाठी ‘ट्रॅप’ही होता. तुम्ही यातलं काहीही वापरत नाही. आता कुणी मला सांगेल की ‘सेट -ई’वर भिस्त ठेवणं बरोबर नाही, पाइपमध्ये आणि ‘इफ’च्या अटीत ते गप्प बसतं. अगदी खरं आहे. म्हणूनच जी पावलं महत्त्वाची आहेत, म्हणजे फाइल उतरवणं, तपासणं, उघडणं, हलवणं, त्या प्रत्येकानंतर स्वतः विचारायचं की झालं का, आणि झालं नसेल तर काय झालं नाही आणि आता काय करावं हे साध्या वाक्यात सांगून थांबायचं. ‘डिस्कवर चार जीबी जागा लागते, तुमच्याकडे दीड आहे’ असं वाक्य जर स्क्रिप्टने पहिल्याच मिनिटाला छापलं, तर माझा विद्यार्थी जागा मोकळी करून परत येईल. त्याची अक्कल शाबूत आहे. त्याला माहिती मिळत नाही, एवढंच.

गॅसची शेगडी जोडायला आलेला माणूस नळीला साबणाचं पाणी लावून गळती बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तुमच्या स्क्रिप्टनेही शेवटी एसडीकेची एक कमांड स्वतः चालवून बघावी, आवृत्तीचा क्रमांक परत आला तरच ‘यशस्वी’ म्हणावं. एका ओळीचं काम आहे. नवं सगळं आधी तात्पुरत्या फोल्डरात उघडावं, तिथे तपासावं, आणि मगच नाव बदलून जागेवर आणावं, म्हणजे मधे लाईट गेली तरी जुनी आवृत्ती सुखरूप राहील. आज तुम्ही आधी जुनी पुसता आणि मग नवी आणायला निघता. चालू असलेली आवृत्तीही गेली आणि नवीही आली नाही, अशा मोडक्या अवस्थेतले पीसी माझ्याकडे नेहमी येतात.

पाथच्या बाबतीत तुम्ही जे करता ते मला अक्षम्य वाटतं. विंडोजवर तुम्ही ‘सेटएक्स’ कमांडने आख्खा पाथ पुन्हा लिहिता. ती कमांड १,०२४ अक्षरांनंतरचं सगळं कापून टाकते. ज्या मुलाच्या पीसीवर आधीच जावा, पायथन, गिट आणि डेटाबेस आहे, त्याचा पाथ त्याहून लांब असतो. तुमची स्क्रिप्ट चालली की त्याचं पायथन बंद पडतं, आणि त्याला दुवा कुठेच सापडत नाही, कारण त्याने तर फक्त तुमचं एसडीके टाकलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री हे झालेली मुलं मी पाहिली आहेत. लिनक्सवर वेगळाच प्रकार. स्क्रिप्ट जितक्या वेळा चालवावी तितक्या वेळा तीच पाथची ओळ सेटिंगच्या फाइलला खाली चिकटते. ती तिथे आधीच आहे का, हे बघायचं तुम्हाला सुचलं नाही. आणि तुम्हाला फक्त बॅशची फाइल माहीत आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या अकाउंटचा शेल झेडशेल आहे, तो तुमची ती फाइल उघडूनही बघत नाही. मॅकवरचा बॅश तर अजून ३.२ वर आहे. तुम्ही वापरलेले नावांचे ॲरे बॅश ४ मध्ये आले, त्यामुळे तिथे स्क्रिप्ट सुरुवातीलाच कोसळते. उबुंटूने २००६ मध्येच ‘एसएच’च्या जागी डॅश आणला. तरीही तुम्ही पहिल्या ओळीत ‘एसएच’ लिहिता आणि खाली सगळं बॅशचं लिहिता.

सुडोबद्दल बोललंच पाहिजे. तुमच्या सूचनेची पहिली ओळ आहे: कर्लने स्क्रिप्ट आणा आणि थेट रूटच्या अधिकारात बॅशला द्या. तुमच्या एसडीकेला रूट कशासाठी लागतं? ते वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात सुखाने राहू शकतं. रस्ट भाषेचं रस्टअप तसंच राहतं, रूट मागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो आणि तो विद्यार्थ्याला मिळत नाही, मिळूही नये. म्हणजे तुमचं एसडीके लॅबमध्ये मुळात टाकताच येत नाही. आणि घरी? घरी मुलं पहिल्या दिवसापासून शिकतात की इंटरनेटवरून आलेली न वाचलेली फाइल रूटच्या अधिकारात चालवायची असते. प्रोग्रामिंगचा पहिला धडा म्हणून तुम्ही हे शिकवता आहात. मी वर्षभर ती सवय मोडत बसतो.

हा धोका काल्पनिक नाही. कोडकोव्ह या कंपनीची बॅशमध्ये लिहिलेली अपलोडर स्क्रिप्ट हजारो कंपन्या आपल्या यंत्रणेत रोज थेट आणून चालवत होत्या. ३१ जानेवारी २०२१ पासून कुणीतरी तिच्यात फेरफार करून त्या कंपन्यांची गुपितं बाहेर न्यायला सुरुवात केली. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरलेल्या स्क्रिप्टचा चेकसम प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला, तो जुळला नाही, तेव्हा हे उघडकीला आलं. दोन महिने एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांना पत्ता नव्हता. तुम्ही तर चेकसम प्रसिद्धच करत नाही. ताडून बघायचं कशाशी?

अर्धवट उतरलेली स्क्रिप्ट शेल जसजशी येईल तसतशी चालवत जातो, हेही तुमच्या ध्यानात आलेलं नाही. ओळ मध्येच तुटली तर पुसायची कमांड अर्ध्या पाथवर चालू शकते. रस्टअपने यावर साधा उपाय केला आहे: सगळं काम फंक्शनांमध्ये, आणि त्यांना बोलावणारी ओळ फाइलच्या अगदी तळाशी. फाइल पूर्ण आल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. होमब्रूची स्क्रिप्ट आपण काय काय कुठे ठेवणार आहोत ते आधी छापते आणि एंटर दाबायची वाट बघते. हे कोड उघडं आहे, कुणीही वाचू शकतं. तुम्ही ते वाचावं अशी माझी मागणी आहे.

आणि लांब कशाला जायचं? पवईला आयआयटी मुंबईत फॉसी प्रकल्प आहे. त्यांच्या ईसिम या सर्किट डिझाइनच्या साधनाला जी इन्स्टॉल स्क्रिप्ट आहे तिला टाकण्याचा पर्याय आहे तसा काढून टाकण्याचाही आहे. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मुलं छोटे व्हिडिओ मराठीतून ऐकतात आणि सोबत स्वतःच्या मशीनवर तेच करून बघतात. कुणीतरी विचार केला आहे की समोर शिकणारा माणूस आहे, तो एकटा बसला आहे, आणि त्याच्या शेजारी विचारायला कुणी नाही. तुमचं एसडीके मात्र एकदा आत आलं की निघत नाही. त्याचे तुकडे कुठे कुठे पडले आहेत याची यादी तुमच्याकडेही नाही. ज्याच्या डिस्कमध्ये शेवटचे दहा जीबी उरले आहेत, त्याला हे परवडत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता महापेला नोकरी करतो. त्याने तुमच्या स्क्रिप्टमधले हे दोष नीट लिहून, अवतरणचिन्हं, अर्धवट डाउनलोड आणि पाथ या तिन्हींची दुरुस्ती करून तुमच्याकडे पाठवली होती. रात्री जागून केलेलं काम होतं ते. ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ असं एका ओळीचं उत्तर देऊन तुम्ही ते बंद केलंत. कुठे चालते, कुणाच्या मशीनवर चालते, हे सांगायची तसदी घेतली नाहीत. ज्याने तुमचं ओझं फुकट उचललं त्याला तुम्ही दारातून परत पाठवलंत. इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणजे हलकं काम, नवख्याकडे सोपवायचं, खऱ्या प्रोग्रामरने त्यात वेळ घालवायचा नाही, अशी एक समजूत तुमच्या धंद्यात आहे. मला ती लाजिरवाणी वाटते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं, ते याच ‘हलक्या’ कामासाठी: परक्या मशीनवर काय आहे आणि काय नाही हे गृहीत न धरता तपासून बघायचं. जगातलं कितीतरी मुक्त सॉफ्टवेअर त्या तपासणीच्या जोरावर हजारो वेगवेगळ्या मशीनवर पोचलं.

तेव्हा माझी मागणी लिहून घ्या. पुढची आवृत्ती बाहेर सोडण्याआधी स्क्रिप्ट शेलचेकमधून काढा आणि एकही इशारा शिल्लक ठेवू नका. मग कोरी व्हर्च्युअल मशीन घ्या, जिच्यात एसडीकेला लागणारं काहीही आधीपासून नाही. युजरनेम देवनागरीत ठेवा, मधे स्पेस द्या, ॲडमिनचे अधिकार काढून घ्या. डाउनलोड निम्म्यावर आलं की नेट तोडा, पुन्हा जोडा. दुसऱ्यांदा स्क्रिप्ट चालू असताना मशीनची वीजच बंद करा. एकदा प्रॉक्सीमागून चालवा, कारण कॉलेजांची नेटवर्क तशीच असतात. एकदा भरलेल्या डिस्कवर चालवा. मग काढून टाका आणि मागे काय उरलं ते मोजा. हे सगळं प्रत्येक बदलानंतर आपोआप चालेल अशी व्यवस्था आज कुणालाही करता येते, त्याला नव्या खरेदीची गरज नाही. आणि माझ्या विद्यार्थ्याने पाठवलेली दुरुस्ती पुन्हा उघडा, वाचा, स्वीकारा, आणि त्याचं नाव तिथे राहू द्या.

आमची नवी बॅच जूनमध्ये बसते. तोपर्यंत दुरुस्ती झाली तर मी वर्गात तुमची नवी स्क्रिप्ट मुलांसमोर उघडून ओळ न् ओळ वाचून दाखवीन. झाली नाही तर एसडीकेची झिप एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर वर्गात फिरवीन, तिचा चेकसम मुलांकडूनच तपासून घेईन, आणि पाथ त्यांना हाताने घालायला शिकवीन. तुमची स्क्रिप्ट माझ्या वर्गातल्या एकाही पीसीवर चालणार नाही.

उत्तराच्या अपेक्षेत,

नवीन पनवेल येथील
एक प्रोग्रामिंग शिक्षक